एकेचाळीस नंबरचा खण

बल्लारपूर मागे टाकून वर्धेच्या काठाकाठाने निघालं की आधी कागद कारखान्याचा वास सरतो, मग कोळशाचा लागतो. दोन्ही वासांच्या मधोमध एक मोहाचं झाड आहे. चैत्रात त्याच्या खालची भुई फुलांनी चिकट होते. दिव्यानी तिथे गाडी थांबवायची, तोंडाचा दुपट्टा सोडायची, एक लांब श्वास घ्यायची आणि पुन्हा बांधून पुढे जायची. पुढे मग रस्ता काळा, झाडं काळी, कुत्रीसुद्धा काळी.

त्या सकाळी ती थांबली नाही.

आदल्या दिवशी तिचा धाकटा भाऊ निकेश खाणीतून दुसऱ्याच्या खांद्याला धरून वर आला होता. भर पाळीत त्याच्या टोपीवरची बत्ती मंद झाली, तांबूस झाली आणि विझली.

"डोये उघडे का बंद, तेच समजे नाई, ताई," जेवताना तो म्हणाला. म्हणाला हसत, पण भाकर त्याच्या हातात तशीच होती. "मंग आदेशभाऊ आला. माझा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला अन् निघाला."

"पाया पडला का त्याच्या?"

"खाली पाया-बिया नाई पडत. कोनी उजेड मांगतला तर नाई म्हनाचं नाई, येवढंच हाये. आज त्यानं देल्ला, उद्या मी देईन."

मग खालच्या आवाजात, "अन् एक सांगू? अंधार झाला तवा मले उजेड दिसला. जुन्या भितीच्या फटीतून. जिच्या पल्याड छत बसलं होतं ना, ती भीत. सगळ्याइले दिसते. कोनी बोलत नाई."

घोर अंधारात डोळे आपलाच उजेड पाडतात, हे दिव्यानीला ठाऊक होतं. तिने त्याच्या ताटात वरण वाढलं. आईबाप गेल्यापासून हे पोरगं तिने असंच वाढवलं होतं, बोलू देऊन आणि वाढत राहून.

खाणीच्या लॅम्प रूममध्ये चार्जिंगचे रॅक बसवणाऱ्या नागपूरच्या कंपनीचं या भागातलं दुरुस्तीचं काम दिव्यानीकडे होतं. बत्त्या भरत नाहीत, ही तक्रार महिनाभरापासून होती. पण काल विझलेली बत्ती तिच्या घरातली होती.

लॅम्प रूम म्हणजे पत्र्याची लांब खोली. भिंतीला लोखंडी रॅक, रॅकला खण, खणावर नंबर. खाली कोळशाचा गॅस असतो, ठिणगीला मनाई असते. म्हणून बत्ती चारी अंगांनी बंद, तिला ना भोक ना पिन. वर आलेल्या माणसाने ती आपल्या खणात ठेवली की खणाच्या पाठीतली तांब्याची कॉइल बत्तीच्या पोटातल्या कॉइलला हवेतूनच करंट देते. मधे वायर नाही, शिवाशिव नाही. रानात वासरू हंबरावं आणि गोठ्यात गाईला पान्हा फुटावा, तसं.

तिथला सगळा कारभार पत्रूभाऊकडे. निवृत्तीला टेकलेला माणूस. पाळी सुटली की वर आलेल्यांच्या तोंडाकडे तो कधी पाहत नसे, रॅककडे बघे.

"तोंडं सगळ्याइचीच काळी, पोरी," तो म्हणायचा. "ज्याची बत्ती रॅकवर, तो मानूस वर. ज्याची बत्ती खाली, तो मानूस खाली. बत्ती खोटं बोलत नाई."

एकच बत्ती कधी रॅकवर परत आली नव्हती. एकेचाळीस नंबरची. ती बुधूची होती. गडचिरोलीकडचा, धानोऱ्याच्या पुढच्या जंगलातला माणूस, कमी बोलणारा. तीन पावसाळ्यांमागे छत बसलं, तेव्हा तो पलीकडे राहिला. गॅस फार, दगड फार. शेवटी विटांची भिंत बांधून ती बाजू बंद करून टाकली. त्याच्या बायकोला, कलाबाईला, लॅम्प रूममध्ये झाडलोटीचं काम दिलं. तिने आजवर त्याचा एकेचाळीस नंबरचा रिकामा खण कुणाला देऊ दिला नव्हता. रोज तो पुसायची, मोहाची दोन फुलं आत ठेवायची. पत्रूभाऊ काही म्हणत नसे, कुणीच म्हणत नसे.

दिव्यानीने कामाला हात घातला.

आधी बत्त्या पाहिल्या. निकेशची, सतरा नंबरची, आपल्या पिशवीतल्या चार्जरवर ठेवली. सरळ भरत गेली. म्हणजे बत्ती चांगली, रोग रॅकचा. खणाच्या तळाची रबरं झिजली की बत्ती तिरकी बसते, कॉइलसमोर कॉइल येत नाही आणि करंट उतरतो. तिने रबरं बदलली. कोळशाची धूळ ब्रशने काढली. कुणी पत्र्याचा तुकडा मागे लावला आहे का, ते पाहिलं, कारण लोखंड मधे आलं की तेच सगळं पिऊन टाकतं. पत्रा नव्हता. उन्हाने दमलेले दोन कपॅसिटर बदलले. प्रत्येक वेळी मीटर लावलं. काटा होता तिथेच, अर्ध्याच्याही खाली.

मग तिने रॅकला येणारा सप्लाय मोजला. तो पुरता होता. सगळे खण मिळून घेत होते त्याहून बराच जास्त होता.

ती स्टुलावर बसली. करंट हरवत नाही. कुठे गळला, तर तिथे ऊब ठेवून जातो. तिने एकेक वायर बोटांनी चाचपली. सगळ्या वायरी पहाटेच्या दगडासारख्या गार.

मागे कलाबाई फरशी पुसत होती आणि कॉलनीतल्या बायांकडून उचललेल्या चालीत, आपल्याच शब्दांत काहीतरी गुणगुणत होती.

*दिवा लावते, लावते, माह्या धन्याच्या वाटेले,*
*भुईपोटी रात लई, तेल पुरू दे वातीले.*

दिव्यानीने मान वळवली. सगळे खण मोजून झाले होते. फक्त एक राहिला होता, रिकामा म्हणून सोडलेला. त्याच्यावरच्या छोट्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती.

"पत्रूभाऊ, एकेचाळीसवर पट्टी काऊन लावली?"

पत्रूभाऊ पाळीवाल्यांचे हजेरीचे बिल्ले मोजत होता. मोजता मोजता थांबला. "पोट्टे भेतात," तो म्हणाला.

"कायले भेतात?"

त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

दिव्यानीने नखाने पट्टीचं टोक उचललं. खणात बत्ती असेल तरच हा दिवा लागतो. बत्ती भरत असेल तर लुकलुकतो, भरली की स्थिर होतो. रिकामा खण झोपलेला असतो, त्याला जाग नसते.

आत दोन मोहाची फुलं होती आणि वर दिवा लुकलुकत होता.

"कवापासून?"

"भीत बांधली त्याच्या दुसऱ्या दिसापासून," पत्रूभाऊ तिच्याकडे न बघता म्हणाला. "आधी कमी घ्याचा. आता लई घेते."

कलाबाईने फडकं पिळलं. "पुराना झाला ना सेल," ती शांतपणे म्हणाली. "पुरान्याले जास्त लागते. तूच सांगत होती मागं."

हे खरं होतं. दिव्यानीनेच सांगितलं होतं.

तिने पिशवीतून तांब्याच्या तारेचं एक कडं काढलं. चार वेढ्यांचं, बांगडीएवढं, टोकाला मुगाच्या दाण्याएवढा लाल बल्ब. कॉइल जिवंत आहे का ते पाहायचं घरगुती साधन. खणासमोर धरलं की बल्ब लागतो, वीतभर मागे घेतलं की विझतो. दुसऱ्या खणांवर तसंच झालं. मग तिने ते एकेचाळीससमोर धरलं. बल्ब लागला. वीतभर मागे घेतलं. लागलेलाच होता.

ती एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक. दारापर्यंत आली. उन्हात आली. ओंजळीच्या सावलीत तिने बल्ब पाहिला. लाल, स्थिर.

तिने बाजूला, कॅन्टीनकडे चालून पाहिलं. विझला. परत वळली, खाणीच्या तोंडाकडे. लागला.

अंगणातून, ट्रॉलीच्या रुळांवरून, नारळ फोडलेल्या देवीच्या ओट्याजवळून ती चालत गेली. माणसं उतरतात त्या उताराच्या तोंडाशी उभी राहिली. आतून गार, ओला वारा येत होता. चैत्रातला तो वारा सुखाचा वाटायला हवा होता. तिने कडं जमिनीकडे नेलं आणि बल्ब उजळला, जणू कुणी जवळ तोंड आणून फुंकर घातली.

दिव्यानी परत फिरली. नागपूरला फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, खणाचं सर्किट बिघडलंय, बाकी काही नाही. नवं सर्किट यायला वेळ लागेल. तोवर तो खण तोडून टाका, बाकीच्या बत्त्या भरतील. रिकामाच तर आहे.

रिकामाच तर आहे. तिने स्वतःला दोनतीनदा ऐकवलं.

एकेचाळीसची वायर हातात घेतली तेव्हा कलाबाई जवळ येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला मोहाचा आणि फिनाईलचा वास होता.

"गावाले त्याचा दगड नाई उभा केला अजून," ती म्हणाली. "मेल्यावर दगड उभा करतात आमच्यात. त्याचा मोठा भाऊ, माहा भासरा, म्हन्ते, कर आता. मी म्हनतो, तो उजेड घेते ना? उजेड घेते त्याचा दगड कसा उभा करू?"

"कलाबाई, सकाळी पाळी उतरते. बत्त्या अर्ध्या भरल्या हायेत. काल निकेशची विझली. उद्या आनखी कोनाची विझन."

"तुले भाऊ हाये."

"हाव."

"मलेही मानूस हाये."

तीन पावसाळे. हवा नाही, पाणी नाही. दिव्यानी हिशेबाने चालणारी मुलगी होती आणि हिशेब सरळ होता. तिने पक्कड लावली. वायर सुटली. लुकलुकता दिवा विझला.

मीटरचा काटा हळूच उठला आणि भरल्या जागेवर जाऊन उभा राहिला. रॅकवरचे सगळे दिवे एकदम तरतरीत झाले.

कलाबाई रडली नाही. तिने खणातली फुलं उचलून पदराच्या टोकाला बांधली आणि उरलेली फरशी पुसली.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी उतरायच्या वेळी दिव्यानी मुद्दाम थांबली. निकेशने सतरा नंबरची बत्ती टोपीला लावली, तिच्या डोळ्यांवर झोत मारला आणि हसला.

"पाह्य ना, ताई. दुपार उगवली."

"घरी ये मंग. आंब्याचं सार करतो."

"गूळ जास्त टाकजो," म्हणाला आणि माणसांमध्ये मिसळून गेला. रांग उतारात शिरली. एकेक उजेड लहान होत गेला.

ती दिवसभर तिथेच होती. करायला काम उरलं नव्हतं. जुनी रबरं निवडली, तारा गुंडाळल्या. कलाबाई आली, पण तिने झाडू उचलला नाही. उंबऱ्यावर बसून राहिली, खाणीच्या तोंडाकडे बघत. गाणं म्हणत नव्हती.

दुपारी पाळी सुटली. माणसं वर आली. घाम, कोळसा, पांढरी दगडाची भुकटी, तोंडं सारखीच काळी. रॅकवर बत्त्या ठकठक ठेवल्या जाऊ लागल्या.

आदेशभाऊ खिडकीशी आला. उंच, संथ माणूस. परवा ज्याने निकेशला खांदा दिला होता तो.

"बत्त्या झकास होत्या, बाई," तो म्हणाला. मग जरा घुटमळला. "भितीपाशी मात्र अंधार होता आज. रोज फटीतून थोडा उजेड राह्यते. आज काईच नाई."

"निकेश कुठी हाये?"

"येऊन राह्यला मागून. तिथीच थांबला होता थोडा वेळ. म्हने, कोनीतरी उजेड मांगते. मले तर ऐकू नाई आलं." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "मी म्हटलं, चाल बाप्पा. तो म्हने, नाई कसं म्हनाचं? तुम्ही व्हा पुढं, आलोच. अन् आलाच तो लगेच मागं. काई बोलला नाई मंग रस्ताभर."

रांगेत शेवटी निकेश होता. तिचा निकेश, तोच हडकुळा खांदा, तोच डाव्या बाजूने झिजलेला बूट. तो हळू चालत होता. रॅकसमोर आला, डोक्यावरची बत्ती काढली आणि खणांकडे न बघता, रोजच्या सवयीचा हात जावा तसा हात नेऊन ती ठेवली.

एकेचाळीसमध्ये.

"निक्या," दिव्यानी म्हणाली.

त्याने वळून पाहिलं नाही.

"निक्या, चुकीच्या खणात ठेवली."

तिने बत्ती उचलली. ती जड होती, गार होती. तिच्यावर दगडाच्या भुकटीचा इतका जाड थर बसला होता की काच दिसत नव्हती. पाळीभरात इतकी भुकटी बसत नाही. तिने अंगठ्याने नंबराची पितळी पट्टी पुसली.

एकेचाळीस.

उंबऱ्यावरची कलाबाई उठली होती. तिने दोन्ही हातांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला.

तो माठाजवळ गेला. उकिडवा बसला आणि तांब्या तोंडाला न लावता, वरून, एका धारेत पाणी प्याला. पीतच राहिला. मग काहीतरी म्हणाला. आवाज निकेशचा होता. बोली दिव्यानीला कळली नाही. निकेशलाही ती कधी येत नव्हती.

कलाबाईने त्याच बोलीत उत्तर दिलं. दचकून नाही. रोज संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला देतात तसं. पदराची गाठ सोडून तिने कालची सुकलेली फुलं त्याच्या हातावर ठेवली.

दोघं फाटकाकडे निघाले. तो पुढे, ती दोन पावलं मागे.

दिव्यानी धावायला वळली आणि पत्रूभाऊने तिचं मनगट धरलं. तो दाराकडे बघत नव्हता. तो नेहमीसारखा रॅककडेच बघत होता.

"सगळे वर आले," आदेशभाऊ मागून म्हणाला. "मी मोजले, पत्रूभाऊ. सगळे आले."

"सतरा खाली हाये," पत्रूभाऊ म्हणाला.

सतरा नंबरचा खण रिकामा होता. त्याच्यावरचा दिवा लुकलुकत होता.

तिने मीटर लावलं. काटा जेमतेम हलला. करंट जात होता, पण फार थोडा. फार लांब जात असावा तसा.

तिने शेजारच्या खणाची वायर उपटली. मग त्याच्या शेजारची. मग सगळ्यांची, एकामागून एक, पकडीशिवाय, नखांनी. दुसऱ्या पाळीची माणसं खिडकीशी बत्त्यांसाठी उभी होती. सगळा सप्लाय आता एकट्या सतराला होता.

काटा तसाच राहिला.

तिने खणाच्या तळाचं रबर नीट केलं. दुपट्ट्याच्या टोकाने खण पुसला. कोपरे पुसले. पुन्हा पुसला.

शेजारी पत्रूभाऊने ड्रॉवर उघडला, काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि दाताने एक तुकडा तोडला.